पेट्रोल मोटार सुरू करताना येणारा धूर

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचे थंड इंजिन सुरू करताच सायलेन्सरमधून नेहमीपेक्षा अधिक धूर बाहेर पडणे हे काही वेळा अगदी स्वाभाविक असते, तर काही वेळा इंजिनातील गंभीर दोषाचे पहिले लक्षण असते. धुराचा रंग, त्याचा वास, तो टिकण्याचा कालावधी आणि तो नेमका कोणत्या प्रसंगी येतो, या चार बाबींवरून कारण बऱ्याच अंशी ओळखता येते. ढोबळमानाने पांढरा धूर पाण्याचा किंवा कूलंटचा, निळसर धूर इंजिन ऑइलचा आणि काळा धूर अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा असतो. मात्र केवळ रंगावर विसंबून इंजिन उघडण्याचा निर्णय घेणे योग्य नाही. निदान चुकल्यास काही रबरी सील बदलून भागणाऱ्या कामासाठी संपूर्ण इंजिनचे काम काढले जाते. उलटपक्षी, कूलंटची गळती ‘थंडीची वाफ’ समजून दुर्लक्षिली गेल्यास इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

सुरुवातीच्या क्षणाचे महत्त्व

मोटार रात्रभर उभी राहिली की इंजिनातील सर्व द्रव पदार्थ गुरुत्वाकर्षणानुसार खाली उतरू लागतात. सिलिंडर हेडवर साचलेले ऑइल झडपांच्या दांड्यांवरून झिरपते. कूलिंग यंत्रणेत उरलेल्या दाबामुळे बारीक भेगेतून कूलंट सिलिंडरमध्ये शिरते. गळक्या इंजेक्टरमधून पेट्रोल थेंबथेंब टपकत राहते. इंजिन चालू असताना हीच गळती इतकी अल्प असते की ती जळून जाते आणि डोळ्यांना दिसत नाही. रात्रभराचा हा संचय सकाळी पहिल्या काही सेकंदांत एकदम जळतो. त्यामुळे दिवसभर निर्दोष वाटणारे इंजिन सकाळी मात्र आपला दोष उघड करते.

धातूचे भाग थंड असताना आक्रसलेले असतात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट, पिस्टन रिंगांची बसण, हेड आणि ब्लॉक यांच्यामधील गॅस्केटवरील दाब, ही सर्व मापे इंजिन तापल्यावरच अपेक्षित स्थितीत येतात. शिवाय एक्झॉस्टमधील उत्प्रेरक परिवर्तक, अर्थात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत पोहोचेतो जवळजवळ निष्क्रिय असतो. पहिल्या मिनिटभरात जे काही सिलिंडरमधून बाहेर पडते ते फारसे न बदलता सायलेन्सरच्या तोंडाशी येते.

या कारणास्तव निरीक्षण नेहमी पूर्णतः थंड इंजिनावर, म्हणजे मोटार किमान सात-आठ तास उभी राहिल्यावर करावे लागते. गॅरेजपर्यंत चालवत नेलेल्या मोटारीत हा दोष दिसत नाही आणि ‘गाडीत काही नाही’ असे उत्तर मिळते. मोटार आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवून सकाळी मेकॅनिकच्या समोर सुरू करणे हा यावरचा साधा उपाय आहे. एकाने चावी फिरवावी आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे. आरशातून पाहणाऱ्या चालकाला निळा आणि करडा यांतील फरक सहसा कळत नाही. मागे गडद रंगाची भिंत असल्यास धूर स्पष्ट दिसतो.

पांढरा धूर

पेट्रोल हे हायड्रोजन आणि कार्बन यांची संयुगे असलेले इंधन असल्याने त्याच्या ज्वलनातून पाणी तयार होतेच. एक लिटर पेट्रोल जळाले असता जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. एक्झॉस्ट वायू सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या खाली आला की त्यातील वाफेचे पाण्यात रूपांतर होऊ लागते. सायलेन्सर थंड असेपर्यंत त्याच्या तोंडातून पाण्याचे थेंब गळणे आणि पांढरी वाफ दिसणे हे उत्तम ज्वलनाचेच लक्षण होय. ही वाफ बिनवासाची असते, पाइपच्या तोंडापासून थोड्या अंतरावर विरून जाते आणि सायलेन्सर तापल्यावर थांबते.

सोलापूरसारख्या कोरड्या व उष्ण हवेच्या शहरात वर्षातील बहुतेक महिने ही वाफ दिसतच नाही, कारण भोवतालची हवा ती तत्काळ शोषून घेते. डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पहाटेचा पारा उतरतो आणि शहरातील मोटारी एकाएकी ‘धूर मारू’ लागल्याची तक्रार ऐकू येते. पुणे, नाशिक किंवा महाबळेश्वर येथील वाहनमालकाला जे नित्याचे वाटते ते सोलापुरात बिघाडासारखे भासते. पावसाळ्यातील दमट सकाळीही असेच घडते. शेजारच्या दोन-तीन मोटारींतूनही तशीच वाफ येत असेल, तर शंकेला सहसा जागा उरत नाही.

याउलट जो पांढरा धूर दाट असतो, हवेत रेंगाळतो, इंजिन तापल्यावरही थांबत नाही आणि ज्याला किंचित गोडसर वास असतो, तो कूलंटचा धूर समजावा. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल या द्रव्यामुळे हा वास येतो. हेड गॅस्केट जळणे, सिलिंडर हेड वाकणे किंवा त्याला तडा जाणे ही याची प्रमुख कारणे आहेत. त्यांच्या मुळाशी बहुधा पूर्वी कधीतरी इंजिन अतितप्त झाल्याची घटना असते. ॲल्युमिनियमचे हेड आणि बिडाचा ब्लॉक उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे एकदा मर्यादेपलीकडे तापलेले इंजिन गॅस्केट दुबळे करून जाते आणि धूर काही आठवड्यांनी दिसू लागतो.

दख्खनच्या पठारावरील बोअरचे पाणी बहुधा जड असते. कूलंटऐवजी असे पाणी रेडिएटरमध्ये वारंवार भरल्यास आतील नळ्यांवर क्षारांचा थर बसतो, उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता घटते आणि उन्हाळ्यात ४० अंशांच्या पुढे गेलेल्या हवेत इंजिन तापू लागते. पाण्यामध्ये गंजरोधक नसल्याने हेडमधील पाण्याच्या वाटाही कुरतडल्या जातात. साध्या पाण्याने टाकी ‘टॉप-अप’ करण्याची सवय आणि हेड गॅस्केटचे दुखणे यांचा संबंध अनेकांच्या ध्यानात येत नाही. कूलंट उपलब्ध नसताना ऊर्ध्वपातित, म्हणजे बॅटरीसाठी मिळणारे पाणी वापरणे त्यामानाने बरे.

कूलंटची शंका आल्यास पहिली तपासणी पातळीची. इंजिन थंड असताना जादा टाकीवर खूण करून आठवडाभर पातळी पाहावी. बाहेर कोठे ओल नसताना ती घटत असेल तर कूलंट आतच जात आहे. दुसरी तपासणी ऑइल भरण्याच्या झाकणाची. झाकणाखाली दह्यासारखा फिकट थर दिसणे हे ऑइलमध्ये पाणी मिसळल्याचे चिन्ह मानतात. येथे मात्र सावधगिरी हवी. घर ते बाजार एवढ्याच अंतरावर चालणाऱ्या मोटारीचे इंजिन पुरेसे तापत नाही आणि निव्वळ हवेतील दमटपणामुळे असा थर जमू शकतो. डिपस्टिकवरील ऑइलही दुधाळ असेल, तरच ती गंभीर बाब ठरते.

गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी बसवून चाचणी घेतात. ज्वलनवायूतील कार्बन डायऑक्साइड कूलंटमध्ये शिरत असेल तर हा द्रव पिवळा होतो. हातपंपाने कूलिंग यंत्रणेत झाकणावर नोंदवलेल्या दाबाइतका दाब भरून रात्रभर ठेवणे आणि सकाळी प्लग काढून इंजिन फिरवणे ही अधिक खात्रीची रीत आहे. ज्या सिलिंडरमधून पाण्याचा फवारा उडेल तोच दोषी. दोषी सिलिंडरचा प्लग इतरांच्या तुलनेत वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. कूलंट चाखून ओळखण्याची काही जुन्या मिस्त्रींची पद्धत मात्र घातक आहे. एथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडांना अपाय करणारे विष आहे आणि गोडसर चवीमुळे ते लहान मुले व पाळीव जनावरे यांच्या बाबतीत अधिकच धोक्याचे ठरते.

सिलिंडरमध्ये साचलेले कूलंट अधिक असेल तर त्याहून मोठे संकट उद्भवते. द्रव दाबला जात नाही. पिस्टन वर येताना द्रवावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सकाळी स्टार्टर ‘टक्’ असा आवाज करून अडकत असेल आणि बॅटरी चांगली असेल, तर पुनःपुन्हा चावी न फिरवता प्लग काढून आतील द्रव बाहेर टाकणे आवश्यक असते. अशी मोटार ढकलून सुरू करू नये.

पांढऱ्या धुराचे एक दुर्मीळ पण महत्त्वाचे कारण ब्रेकशी निगडित आहे. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचे मागील सील गळू लागल्यास ब्रेक ऑइल निर्वात बूस्टरमध्ये उतरते आणि तेथून निर्वाताच्या नळीने इंजिनात ओढले जाते. कूलंट पूर्ण आहे, धूर मात्र पांढरा आणि उग्र वासाचा आहे, अशा वेळी ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. येथे इंजिनापेक्षा प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न अधिक असतो.

निळा धूर

निळसर किंवा निळसर-करडा, जळक्या तेलाच्या वासाचा धूर ऑइल जळत असल्याचे दर्शवतो. ‘गाडी ऑइल खाते’ असे ज्याला म्हणतात ती हीच अवस्था. ऑइल ज्वलनकक्षात वरून उतरते की खालून चढते, हा यातील कळीचा प्रश्न असतो, कारण दोन्हींच्या दुरुस्तीच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वरून उतरण्याची वाट म्हणजे झडपांचे मार्गदर्शक आणि त्यांवरील रबरी सील. मेकॅनिक त्यांना ‘व्हॉल्व्ह सील’ म्हणतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक होते, त्याला चिरा जातात आणि ते दांडीला घट्ट धरून राहत नाही. रात्री उतरलेले ऑइल सकाळी निळ्या लोटाच्या रूपाने बाहेर पडते आणि अर्ध्या-एक मिनिटात धूर निवळतो. दिवसभर पुन्हा त्रास होत नाही. मोटार दहा मिनिटे जागेवर चालू ठेवून एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यास असाच लोट पुन्हा येतो. जुन्या नायट्राइल रबराच्या सीलपेक्षा नव्या इंजिनांतील फ्लोरोकार्बन रबराची सील अधिक टिकतात.

खालून चढण्याची वाट म्हणजे झिजलेल्या किंवा कार्बनने जाम झालेल्या पिस्टन रिंगा व घासलेले सिलिंडर. या प्रकारात धूर सुरुवातीलाच नव्हे तर सतत येतो आणि चढावर, भार असताना वाढतो. इंजिनची ताकद घटते. चालू इंजिनावरील ऑइल भरण्याचे झाकण काढल्यास आतून धापा टाकल्यासारखा धूर बाहेर येतो.

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरील घाट या दोहोंतील फरक दाखवणारी जणू प्रयोगशाळाच आहे. घाट चढताना मागे निळा धूर दिसत राहिला तर शंका रिंगांवर जाते. घाट उतरताना मोटार गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इनलेट मॅनिफोल्डमध्ये तीव्र निर्वात निर्माण होते आणि ते सैल मार्गदर्शकांतून ऑइल खेचून घेते. पायथ्याशी येऊन पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा लोट उठला तर दोष मार्गदर्शक किंवा सील यांचा असण्याची शक्यता अधिक. हे पाहण्यासाठी मागून येणाऱ्या दुसऱ्या वाहनातील व्यक्तीची मदत घेणे श्रेयस्कर.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन चाचणी घेतात. सर्व प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन फिरवले असता प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजला जातो. सुस्थितीतील पेट्रोल इंजिनात तो सर्वसाधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला १० ते १४ किलोग्रॅम असतो. नेमका आकडा त्या त्या मोटारीच्या पुस्तिकेत पाहावा लागतो. निव्वळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी असते. दाब कमी असलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून चाचणी पुन्हा घ्यावी. दाब लक्षणीय वाढला तर रिंगा झिजलेल्या आहेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर झडपा किंवा गॅस्केट यांकडे पाहावे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब सारखाच कमी असेल तर त्यांच्या मधल्या जागी गॅस्केट जळाले असण्याचा संभव असतो.

व्हॉल्व्ह सील खराब असले तरी कॉम्प्रेशन उत्तम येते. सकाळी निळा लोट, नंतर स्वच्छ एक्झॉस्ट आणि सर्व सिलिंडरांत चांगला दाब, असे तिन्ही जुळून आल्यास ‘रिंगा गेल्या, इंजिन उतरवावे लागेल’ हा सल्ला मान्य करण्याची घाई करू नये. अनेक इंजिनांत सील बदलण्यासाठी हेडही उतरवावे लागत नाही. प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडून किंवा सुती दोरी आत भरून झडपा वर धरून ठेवतात आणि वरच्या बाजूने स्प्रिंग काढून सील बदलतात.

याहून सोपी कारणेही तपासून पाहावी लागतात. सर्व्हिसिंगच्या वेळी खुणेपेक्षा जास्त भरलेले ऑइल क्रँकच्या फिरण्याने घुसळले जाऊन इनलेटमध्ये पोहोचते. क्रँककेसमधील वायू पुन्हा इनलेटकडे नेणारी पीसीव्ही झडप काजळीने बंद झाल्यास आतील दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. इंजिन जागेवर चालू असताना ऑइलच्या तोंडावर पातळ कागद ठेवल्यास तो हलकेच आत ओढला गेला पाहिजे. तो उडत असेल तर प्रथम ही स्वस्त झडप व तिची नळी साफ करावी. टर्बो बसवलेल्या आधुनिक लहान पेट्रोल इंजिनांत टर्बोच्या सीलमधूनही ऑइल झिरपते. तेथे ऑइल परत नेणारी नळी तुंबली आहे का, हे टर्बो बदलण्यापूर्वी पाहणे इष्ट.

निळा धूर कमी करण्यासाठी अधिक दाट ऑइल भरण्याची प्रथा सर्वत्र आहे. जुन्या, सैल मापांच्या इंजिनांत २०डब्ल्यू-५० सारखे ऑइल काही काळ उपयोगी पडते, परंतु ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० ऑइलसाठी रचलेल्या इंजिनात ते थंडीत वरपर्यंत वेळेवर पोहोचत नाही आणि झीज वाढवते. वापरलेली मोटार विकत घेणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण विक्रीपूर्वी दाट ऑइल भरून आणि इंजिन आधीच तापवून ठेवून धूर लपवणे अवघड नसते. मोटार पाहायला गेल्यावर बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करणे ही बिनखर्चाची तपासणी आहे.

काळा धूर

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोलचे प्रमाण याहून बरेच वाढल्यास कार्बन न जळता काजळीच्या रूपाने बाहेर येतो. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नसल्याने सुरुवातीला मिश्रण मुद्दाम समृद्ध ठेवावे लागते. म्हणून क्षणभर दिसणारा काळसर झोत क्षम्य मानला जातो.

कार्बोरेटरच्या काळात हे काम चोक करीत असे. प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीच्या मारुती ८०० मोटारींत चोकची दांडी ओढून इंजिन सुरू करणे हा सकाळचा नित्यक्रम होता. दांडी परत ढकलायला विसरणे, तिची तार अडकणे, फ्लोट भोक पडून बुडणे किंवा सुईझडपेत कचरा अडकणे ही काळ्या धुराची तेव्हाची ठरावीक कारणे होत.

इंजेक्शन पद्धतीच्या मोटारींत इंजिन किती थंड आहे हे संगणकाला कूलंट तापमानाचा संवेदक सांगतो. त्याचा विद्युतरोध २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. त्याची तार तुटली किंवा जोड गंजला तर संगणकाला रोध फार मोठा दिसतो आणि इंजिन बर्फासारखे थंड असल्याचा त्याचा समज होतो. मग मे महिन्याच्या दुपारीही तो हिमालयातल्या पहाटेला शोभेल इतके पेट्रोल सोडतो. बहुतेक नव्या मोटारी अशा वेळी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लावतात व सुरक्षित गृहीत आकडा वापरतात. संवेदक चुकीचा पण संभाव्य आकडा सांगत असेल तर मात्र दिवाही लागत नाही. निदानयंत्र जोडून सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, कूलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. रात्रभर उभ्या मोटारीत ते जवळजवळ सारखे असायला हवे. पी ०१७२ हा संकेतांक मिश्रण अतिसमृद्ध असल्याचा आणि पी ०११८ हा कूलंट संवेदकाच्या मंडलातील दोषाचा असतो.

‘आपल्या गरम हवेत थर्मोस्टॅटची गरज नाही’ या समजुतीने तो काढून टाकण्याची रीत महाराष्ट्रातील अनेक गॅरेजांत आढळते. कार्बोरेटरच्या मोटारीत ती फारशी जाणवत नसे. इंजेक्शनच्या मोटारीत मात्र इंजिन अपेक्षित तापमानाला उशिरा पोहोचते, समृद्ध मिश्रणाचा काळ लांबतो, पेट्रोलचा खप वाढतो आणि काजळी धरते. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढणे म्हणजे ताप आल्यावर तापमापक फोडण्यासारखे आहे. मूळ दोष रेडिएटर, पंखा किंवा कूलंट यांत शोधला पाहिजे.

गळका इंजेक्टर हे केवळ सुरुवातीलाच येणाऱ्या काळ्या धुराचे ठळक कारण आहे. इंजिन बंद केल्यावर इंधनाच्या नळीतील दाब बराच काळ टिकून राहिला पाहिजे. तो झपाट्याने उतरत असेल आणि सकाळी इंजिन उशिरा, पेट्रोलच्या वासासह सुरू होत असेल, तर इंजेक्टर तपासावेत. असे ‘फ्लड’ झालेले इंजिन सुरू करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवल्यास बहुतेक मोटारींचा संगणक इंजेक्टर बंद ठेवतो आणि जादा पेट्रोल निघून जाते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली व त्याला पेट्रोलचा वास आला, तर ते ऑइल तातडीने बदलावे. पेट्रोल मिसळलेले ऑइल बेअरिंगांना पुरेसे वंगण देत नाही.

सीएनजी किट बसवलेल्या मोटारींबाबत एक गोष्ट बहुधा निसटते. अनुक्रमिक पद्धतीचे किट इंजिन पेट्रोलवर सुरू करते आणि थोडे तापल्यावर सीएनजीकडे वळते. पेट्रोल यंत्रणेतील दोष त्यामुळे फक्त पहिल्या एक-दोन मिनिटांत दिसतो आणि नंतर धूर अचानक थांबतो. अशा मोटारी पेट्रोलवर क्वचितच चालत असल्याने टाकीत जुने पेट्रोल पडून राहते, हीदेखील अडचणच.

सोलापूरच्या धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर वेळेआधीच भरतो. कार्बोरेटरच्या मोटारीत तुंबलेला फिल्टर थेट काळा धूर काढतो. इंजेक्शनची मोटार हवा मोजून पेट्रोल देत असल्याने ती धुरापेक्षा ताकद घटल्याची तक्रार आधी करते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

सोलापूर हा मोठ्या संख्येने साखर कारखाने असलेला जिल्हा असल्याने इथेनॉलविषयीची चर्चा येथे घरोघरी चालते आणि धुराचा दोषही पुष्कळदा त्याच्याच माथी मारला जातो. रसायनशास्त्र त्यास दुजोरा देत नाही. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनास शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. कार्बोरेटरच्या जुन्या मोटारीत त्यामुळे मिश्रण समृद्ध न होता उलट पातळ होते आणि काजळी घटते. सकाळचा धूर काळा असेल तर त्याचे कारण इथेनॉलच्या प्रमाणात शोधणे व्यर्थ होय. जुन्या मोटारींतील रबरी नळ्या, पडदे व फ्लोटचे भाग इथेनॉलने फुगू किंवा झिजू शकतात आणि त्यातून गळती उद्भवू शकते, हा धोका मात्र खरा आहे. इथेनॉल पाणी शोषते. पावसाळाभर न वापरलेल्या मोटारीच्या टाकीतील इंधनात पाण्याचा अंश वाढून इंजिन अडखळत सुरू होण्याची शक्यता असते.

पीयूसी चाचणी आणि धूर

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार वाहनांची प्रदूषण तपासणी होते. पेट्रोल वाहनाच्या या तपासणीत धुराची घनता मोजत नाहीत. ती डिझेल वाहनांची चाचणी आहे. पेट्रोल मोटारीच्या एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मोजले जाते, तेही इंजिन तापलेले व जागेवर चालू असताना. भारत स्टेज-४ व त्यापुढील चारचाकी पेट्रोल वाहनांसाठी ही मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के व दशलक्ष भागांत २०० भाग अशी आहे. सकाळी निळा लोट सोडणारी मोटार दुपारी ही चाचणी सहज उत्तीर्ण होते. पीयूसी प्रमाणपत्र असणे म्हणजे इंजिन निर्दोष असणे नव्हे, हे त्यामुळे ध्यानात घ्यावे लागते. काळ्या धुराचा दोष मात्र या चाचणीत बहुधा पकडला जातो.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तिचे नूतनीकरण करताना योग्यता तपासणी होते. सोलापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडील, म्हणजे एमएच-१३ मालिकेतील, अनेक जुन्या मोटारींच्या मालकांसमोर त्या वेळी दुरुस्ती की विक्री हा प्रश्न उभा राहतो. केंद्र सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांत सोलापूरचा समावेश आहे.

ऑइल जाळणाऱ्या इंजिनाचे नुकसान इंजिनापुरते मर्यादित राहत नाही. ऑइलमधील फॉस्फरस व जस्त, तसेच कूलंटमधील सिलिका यांचे थर उत्प्रेरक परिवर्तक आणि ऑक्सिजन संवेदक यांवर बसून ते हळूहळू निकामी होतात. जादा पेट्रोल परिवर्तकात जाऊन जळाल्यास आतील जाळी वितळते. हा परिवर्तक प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंमुळे महाग असतो आणि पुष्कळदा मूळ दुरुस्तीपेक्षा त्याचाच खर्च अधिक होतो.

निरीक्षण करताना घ्यावयाची काळजी

थंड इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सर्वाधिक असते. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक आसक्तीने जोडला जातो. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये किंवा बंगल्याच्या बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून धूर पाहत उभे राहणे प्राणघातक ठरू शकते. दिसणारा धूर विरला म्हणजे हवा शुद्ध झाली असे नाही. मोटार उघड्यावर आणूनच तपासणी करावी. डोके दुखणे, मळमळ किंवा चक्कर जाणवल्यास तत्काळ मोकळ्या हवेत जाऊन वैद्यकीय मदत घ्यावी. तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण आतील कूलंट दाबाखाली १०० अंशांहून अधिक तापलेले असते आणि झाकण सैल होताच ते उसळून चेहरा व हात भाजतात.

सोलापूर आणि मोटार उद्योग

भारतातील मोटारनिर्मितीच्या आरंभीच्या इतिहासात सोलापूरचे नाव येते ते वालचंद हिराचंद यांच्यामुळे. त्यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटारी तयार होऊ लागल्या. त्यांतील १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनाची प्रीमियर पद्मिनी महाराष्ट्रातील मेकॅनिकांच्या कित्येक पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरली. प्लगचा रंग वाचणे, कार्बोरेटर कानाने जुळवणे आणि धुरावरून रिंगांची अवस्था सांगणे ही कौशल्ये अनेकांनी याच इंजिनावर आत्मसात केली. मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधील अखेरची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली. वालचंद यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सोलापुरात १९८३ पासून सुरू आहे.